दोन फळ्यांचं विमान

(निवेदन. जिथे ‘शांत’ लिहिलं आहे तिथे फक्त मूळ आवाज ठेवायचा.)

[खोकं उघडतं. लाकडाचे तक्ते एकामागून एक टेबलावर.]

खोकं उघडलं की आधी वास येतो, लेझरनं कापताना जळलेल्या लाकडी कडांचा. आत बाल्सा या हलक्या लाकडाचे तक्ते आहेत, त्यांत अजून अडकून बसलेले भाग, थोडं प्लायवूड आणि घडी घातलेला मोठा प्लॅन. रेडिओवर उडणाऱ्या या मॉडेलचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १६०० मिलिमीटर भरतात, धड सव्वा मीटरच्या आत. मॉडेलवाले त्याला फ्युजलाज म्हणतात. इथे एवढंच बांधायचं आहे.

तयार फोमचं विमान जेवायच्या आधी जोडून होतं. या धडाला चार-पाच संध्याकाळी लागतील, आणि त्या संध्याकाळींवर प्रेम आहे म्हणूनच कॅमेरा लावला आहे.

[एक फळी दोन बोटांवर तोललेली. मग वजनकाटा.]

बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतो. झाड इतकं झपाट्यानं वाढतं की सहा-आठ वर्षांत तोडायला तयार होतं. मॉडेलसाठी निवडलेलं लाकूड घनमीटरला साधारण १०० ते २०० किलो भरतं. तेवढ्याच पाण्याचं वजन १००० किलो. पण हे आकडे पुन्हा बघा. एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या दोन फळ्यांत वजनाचा दुपटीपर्यंत फरक असू शकतो.

म्हणून धडाच्या दोन्ही बाजू आधी काट्यावर ठेवायच्या. मग टेबलाच्या कडेवरून बाहेर काढून हलकेच वाकवायच्या. एक कडक आणि एक मऊ निघाली, तर शेपटाकडे दोन्ही जवळ ओढताना मऊ फळी जास्त वाकते, कडक फळी आपली जागा सोडत नाही, आणि शेपूट कडक फळीच्या बाजूला सरकतं. डिंकाचा थेंबही पडायच्या आधी धड वाकडं होणार की सरळ, हे इथेच ठरतं.

[प्लॅनवर मेणकागद. दोन्ही फळ्या शेजारी, आरशातल्या प्रतिमेसारख्या.]

आता फळ्यांच्या आतल्या अंगाला पातळ प्लायवूडचा थर, नाकापासून पंखाच्या मागच्या कडेपर्यंत. मोटरचा ताण आणि उतरतानाचा धक्का हा भाग सोसतो. पेन्सिलनं ‘डावी’ आणि ‘उजवी’ लिहिलेलं दिसतंय? ते लिहिल्याशिवाय डिंकाची बाटली उघडायची नाही. नाहीतर दोन डाव्या बाजू तयार होतात, आणि चिकटलेलं प्लाय बाल्सावरून सोलून निघत नाही.

बाल्सा आणि प्लायवूडची ही जोडी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातलं डी हॅविलँड मॉस्किटो नोव्हेंबर १९४० मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्या धडाची भिंत म्हणजे बर्च प्लायवूडचे दोन थर आणि मधे बाल्सा. डावा आणि उजवा अर्धा भाग साच्यावर वेगवेगळा करत, आतलं बरंचसं सामान धड उघडं असतानाच बसवत आणि मग दोन्ही भाग जोडत. या टेबलावरही तेच चाललंय. रडर आणि एलेव्हेटर या शेपटाच्या हलणाऱ्या भागांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या नळ्या आत्ताच ओवायच्या, कारण तळ बंद झाल्यावर तिथे हात पोचत नाही.

[एक फळी आडवी. तिच्यावर फॉर्मर उभा राहतो. गुण्या टेकतो.]

धडाच्या आत आडवे उभे राहणारे हे चौकोनी भाग म्हणजे फॉर्मर. पहिले दोन पंखाच्या जागेखाली. गुण्या एका बाजूनं लावायचा, मग दुसऱ्या बाजूनं. इथे क्षणात पकडणारा पातळ सीए डिंक वापरायचा नाही. तो फटीत धावतो आणि चुकीलाही तितक्याच घट्ट धरतो. पांढरा डिंक काही मिनिटं देतो, आणि ती मिनिटं इथे हवीच असतात.

[शांत. दुसरी फळी वर येते. चिमटे, रबरबँड.]

[नाकाकडून शॉट. फायरवॉल.]

पुढची जाड प्लायवूडची भिंत म्हणजे फायरवॉल, मोटर हिच्यावर बसणार. ती वाकडी दिसते ना? तिला वाकडीच ठेवायची. थोडी उजवीकडे आणि थोडी खाली वळलेली, कारण पंख्याचा पीळ आणि त्याची गोल फिरत मागे येणारी हवा जोरात असताना नाक डावीकडे ओढतात, आणि मोटरचा जोर ते वर उचलू बघतो. नवखे हात प्रेमानं ही भिंत कानशीनं सरळ करायला जातात. इथे एपॉक्सी लावायचं आणि कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या द्यायच्या.

[वरून शॉट. प्लॅनवरची मधली रेष. दोन फळ्या शेपटाशी जवळ येतात.]

हा शॉट लांब ठेवला आहे. फळ्यांच्या बाहेरच्या अंगाला ओला बोळा फिरवला, लाकूड सैल झालं, आता रबरबँडचे वेढे एकेक करून. प्रत्येक वेढ्यानंतर गुण्या उभा करून शेपटाचं टोक मधल्या रेषेवर आहे का ते बघायचं. एक मीटरवर पाच मिलिमीटर चुकले तर साधारण ०.३ अंशांचा बाक येतो. डोळ्याला दिसत नाही, पण विमानाला रडर कायम थोडा वळवून उडावं लागतं.

[रात्र. टेबलावर तसंच ठेवलेलं धड. शांत.]

तळाच्या पट्ट्या लाकडाच्या रेषा आडव्या येतील अशा लावायच्या. रेषा लांबीच्या दिशेनं गेल्या तर तळ उभा तडकू शकतो. आडव्या रेषा दोन्ही बाजूंना एकमेकींशी बांधतात. डिंक मात्र जपून. वजनाच्या केंद्रापासून शेपूट ८० सेंटिमीटर आणि नाक ३० सेंटिमीटर धरलं, तर मागे वाढलेल्या १० ग्रॅमसाठी पुढे जवळपास २७ ग्रॅम शिसं घालावं लागतं.

[पॉलिश पेपर. खिडकीतल्या उजेडात भुसा. शांत.]

यावर पातळ प्लास्टिकची फिल्म चढेल, मोटर आणि रडर-एलेव्हेटर हलवणारे सर्व्हो बसतील, विमान उडेल.

[पंख धडावर. शेपटाच्या टाचणीला बांधलेला दोरा.]

त्याआधी एक माप. शेपटाच्या मध्यापासून डाव्या पंखाच्या टोकापर्यंत दोरा ताणला, तिथे गाठ मारली. आता तोच दोरा उजवीकडे. गाठ चार मिलिमीटर अलीकडेच राहिली.

बोल्टची भोकं अजून पाडलेली नाहीत. पंख किंचित फिरवला. दोरा पुन्हा डावीकडे.

[शांत. दोरा उजवीकडे जातो. गाठ टोकाला टेकते. पेन्सिलची खूण.]