तसबीर पॅरिसची, घोटाळा आपला

नमस्कार मंडळी! संशयकल्लोळ हे संगीत नाटक तुम्ही बघितलं असेलच, नाहीतर त्यातली पदं तरी रेडिओवर नक्की ऐकली असतील. पण त्यातला संशयी नवरा, आपला फाल्गुनराव, मूळचा पॅरिसचा हे मला बरंच उशिरा कळलं आणि मग मी फ्रेंच नाटककार मोलिएरचं ते मूळ नाटुकलं शोधून वाचलंच.

१६६० सालचा एका अंकाचा फार्स. स्गानारेल हे नवऱ्याचं नाव. एक मुलगी रस्त्यात चक्कर येऊन पडते, तिच्या हातातली प्रियकराची तसबीर गळून पडते, स्गानारेल तिला सावरायला धावतो आणि नेमकी त्याच वेळी त्याची बायको खिडकीतून बघते, मग ती खाली येते तर तिला ती तसबीर सापडते, ती न्याहाळत उभी असताना मागून नवरा हजर, झालं, दोघांच्याही डोक्यात संशयाचं भूत! तसबीरवाली रेवती, फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका, सगळे डोळ्यांसमोर आले की नाही?

आता आपले नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांनी हे थेट फ्रेंचमधून नाही घेतलं. मधे आर्थर मर्फीचं १७६१ चं इंग्रजी नाटक होतं, त्यावरून त्यांनी १८९३ मध्ये 'तसबिरीचा घोटाळा' केला, तोही निव्वळ गद्य. पदं घालून त्याचं संगीत संशयकल्लोळ झालं ते १९१६ साली, गंधर्व नाटक मंडळीकडे, आणि त्याच वर्षी देवल गेले.

मला खरी कमाल वाटते ती पदांच्या जागांची. फार्स म्हणजे नुसती धावपळ, त्यात मधेच कोणी गायला लागलं की सगळं थांबणार ना? पण देवलांची रेवती नायकिणीच्या घरातली, म्हणजे गाणं तिच्या घरचंच, ती गायली तर कुणालाच खटकत नाही, आणि पदांचा मोठा भार तिच्यावर आणि तिच्या प्रियकरावर, अश्विनशेठवर, टाकलाय, म्हणून फाल्गुनराव बोलून बोलून संशयाचा डोंगर रचायला मोकळा. रेवती बालगंधर्व, फाल्गुनराव गणपतराव बोडस, काय प्रयोग झाले असतील हो ते!

आणि नावं बघा, अश्विन, कृत्तिका, रोहिणी, रेवती, फाल्गुन, भादव्या, सगळं पंचांगच! पॅरिसचा मागमूससुद्धा उरला नाही.

तर आता ऐकूया अश्विनशेठचं पद, 'कर हा करी धरिला शुभांगी'.