रडूबाई उसागी आणि चंद्रावरचा ससा

मंडळी, कोजागरीला आपण दुधात चंद्र बघतो. आज त्या चंद्रावरच्या डागापासून सुरुवात करू. संस्कृतात चंद्राला शशी म्हणतात, शशांक म्हणतात. शश म्हणजे ससा. दारी आलेल्या भुकेल्याला द्यायला आपल्याकडे काहीच नाही, म्हणून आगीत उडी घेणाऱ्या सशाची गोष्ट जातककथांमध्ये आहे. त्याची आठवण राहावी म्हणून शक्राने, म्हणजे इंद्राने, त्याचं चित्र चंद्रावर काढलं. ही गोष्ट बौद्ध धर्माबरोबर जपानपर्यंत गेली. तिथे सशाच्या हाती मुसळ आलं, आणि तो चंद्रावर बसून मोचीसाठी, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यांसाठी, भात कांडू लागला. जपानीत चंद्राला 'त्सुकी' म्हणतात आणि सशाला 'उसागी'. 'त्सुकी नो उसागी' म्हणजे चंद्राचा ससा. जपानी चित्रकथाकार नाओको ताकेउची यांनी आपल्या चौदा वर्षांच्या नायिकेचं नाव ठेवलं त्सुकिनो उसागी. जगाला ती 'सेलर मून' म्हणून माहीत आहे, याच नावाच्या चित्रकथेतून आणि टीव्ही मालिकेतून.

माझ्या भाचीने या मालिकेचे दोन-तीन भाग पाहिले आणि मला विचारलं, "मावशी, ही सारखी रडते, शाळेत उशिरा जाते, पेपरात नापास होते. मग ही हिरोइन कशी?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आजचं हे व्याख्यान म्हणजे तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

ताकेउची यांचा जन्म १९६७ सालचा, कोफू शहरातला. त्या रसायनशास्त्र आणि औषधनिर्माण शिकल्या, फार्मासिस्टचा परवानाही त्यांनी मिळवला. मला हे शिक्षण त्यांच्या चित्रकथेत सगळीकडे दिसतं. पहिल्या पर्वातल्या चार खलनायकांची नावं जेडाइट, नेफ्राइट, झोइसाइट आणि कुन्झाइट अशी आहेत. ही सगळी खनिजांची नावं. उसागीचे आईवडील आणि भाऊ यांना तर त्यांनी आपल्याच घरच्यांची नावं दिली. दूरच्या आकाशातली गोष्ट सांगताना ही बाई सगळं सामान घरातून आणि प्रयोगशाळेतून आणते.

१९९१ मध्ये त्यांची 'कोडनेम सेलर व्ही' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सुरू झाली. त्यात मिनाको नावाची एकटीच मुलगी मुखवटा लावून गुन्हेगारांशी लढते. तोएई या ॲनिमेशन कंपनीला त्यावर मालिका करायची होती. तेव्हा ताकेउची यांनी ती कल्पना मोठी केली आणि एका मुलीच्या जागी पाच मुली आणल्या. तीच 'सेलर मून'. हे सगळ्यात महत्त्वाचं वळण होतं. ते समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

जपानी टीव्हीवर जादूगार मुली १९६६ पासून होत्या. त्या वर्षी 'सॅली' आली, १९६९ मध्ये 'आक्को-चान' आली. सॅली जादूनगरीची राजकन्या होती, आक्कोकडे जादूचा आरसा होता. दोघींची जादू घरातल्या, शाळेतल्या, गल्लीतल्या अडचणींभोवती फिरायची आणि ती लपवून ठेवावी लागायची. दुसरीकडे, १९७५ पासून 'गोरेंजर'सारख्या मालिकांत रंगीबेरंगी पोशाखातली पाच जणांची तुकडी दर आठवड्याला राक्षसांशी लढत होती. त्या पाचांत मुलगी असायची एखाद-दुसरीच. ताकेउची यांनी हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. रूप बदलणाऱ्या मुलीला मैत्रिणी मिळाल्या आणि त्या मैत्रिणींना लढाई मिळाली.

त्या मैत्रिणींची नावंही बघा. प्रत्येकीचा एक ग्रह आहे. जपानीत बुधाला पाण्याचा तारा म्हणतात, मंगळाला आगीचा, गुरूला लाकडाचा. म्हणून बुधाची आमी मिझुनो, मंगळाची रेई हिनो आणि गुरूची माकोतो किनो. या आडनावांत अनुक्रमे पाणी, आग आणि लाकूड आहे. शुक्राच्या मिनाकोचं आडनाव आइनो, त्यात प्रेम आहे. जपानी वारांची नावंही याच ग्रहांवरून पडली आहेत, आणि क्रम आपलाच आहे. त्यांचा सोमवार चंद्राचा, मंगळवार मंगळाचा, बुधवार बुधाचा. आपल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात.

'सेलर मून' मांगाचं पहिलं प्रकरण 'नाकायोशी' मासिकाच्या फेब्रुवारी १९९२ च्या अंकात आलं आणि ७ मार्चला टीव्हीवर मालिका सुरूही झाली. म्हणजे आधी पुस्तक गाजलं आणि मग पडद्यावर आलं, असं इथे झालंच नाही. लेखिका महिन्याला एक प्रकरण काढत होती आणि स्टुडिओला दर आठवड्याला एक भाग हवा होता. कथा संपून जाऊ नये म्हणून दिग्दर्शक जुनइची सातो आणि त्यांच्या मंडळींना मधली जागा भरावी लागली. ती त्यांनी रोजच्या जगण्याने भरली: परीक्षा, डाएट, भावाशी भांडण, व्हिडिओ गेमच्या दुकानातला मुलगा. मैत्रिणीही सावकाश येतात. आमी आठव्या भागात भेटते, रेई दहाव्या, माकोतो पंचविसाव्या आणि मिनाको थेट तेहतिसाव्या. आमी शाळेत पहिली येते, पण तिच्याशी कोणी बोलत नाही. माकोतो उंच आहे, मारामारी करते अशी तिची ख्याती. प्रत्यक्षात ती सुरेख स्वयंपाक करते. या दोघींशी सगळ्यात आधी बोलायला जाते ती उसागी. तिची खरी शक्ती मला तिथे दिसते. मांगा वेगवान आहे, देखणी आहे, पण ही सवड तिच्यात नाही. म्हणून मला ॲनिमे, म्हणजे टीव्हीवरची मालिका, जास्त आवडते.

साध्या मुलीची लढणारी सेलर मून होते, ते रूप बदलण्याचं दृश्य दर भागात तेच वापरतात. तयार चित्रं पुन्हा वापरली की खर्च वाचतो, हे त्यामागचं कारण. पण बघणाऱ्या मुलींसाठी त्याचा विधी झाला. आरतीत नेहमीचं कडवं आलं की सगळ्यांचा आवाज आपोआप चढतो ना, तसं. आणि उसागीचा मंत्र कोणता? 'मून प्रिझम पॉवर, मेकअप!' नखं रंगतात, दागिने चढतात आणि मग ती लढायला उभी राहते. नटणं आणि लढणं यांतलं एक निवड, असं तिला कोणी सांगत नाही. अंगावरचा पोशाखही शाळेच्या गणवेशाचाच, जो जपानी मुली १९२० च्या दशकापासून घालत आल्या आहेत. बघणारी मुलगी सकाळी जे घालते, तेच घालून ही जग वाचवते. मालिकेतल्या जादूच्या कांड्या खेळण्यांच्या दुकानात विकल्या जात होत्या, हे खरं आहे. त्या कांड्या हातात घेऊन अंगणात खेळलेल्या मुलींचा खेळही तितकाच खरा होता.

पहिल्या पर्वाच्या शेवटी चारही मैत्रिणी एकेक करून मरतात आणि शेवटची लढाई उसागीला एकटीने लढावी लागते. त्यानंतर त्या परत येतात, पण मधला आठवडा मुलांनी त्या दुःखासकट काढला. १९९५ मध्ये अमेरिकेत इंग्रजी आवृत्ती दाखवली तेव्हा हे दोन भाग जोडून एक केला, आणि मैत्रिणींना फक्त कैद केलंय असं सांगितलं. पुढे हारुका आणि मिचिरू या एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन मुलींना इंग्रजीत चुलत बहिणी करून टाकलं. २०१४ पासून नव्या डबिंगमध्ये मूळ गोष्ट परत आली. मुलांना दुःख आणि प्रेम झेपत नाही असं मोठ्यांना वाटतं. मूळ मालिकेने मुलांवर विश्वास टाकला होता.

आता भाचीचा प्रश्न. पहिल्याच भागाच्या नावात उसागीला रडूबाई म्हटलं आहे. त्या भागात राक्षस समोर येतो आणि ती घाबरून भोकाड पसरते. तिच्या केसांतल्या दागिन्यांमधून त्या रडण्याच्या लहरी इतक्या तीव्र होऊन बाहेर पडतात की राक्षसच कोलमडतो. म्हणजे तिचं पहिलं अस्त्र तिचं रडणंच आहे. रडणं थांबव, मग तुला शक्ती देऊ, अशी अट तिला कोणी घालत नाही.

मालिका पाच पर्वं चालली आणि ८ फेब्रुवारी १९९७ ला दोनशेव्या भागावर संपली. शेवटची शत्रू गॅलेक्सिया. उसागी तिच्यावर वार करत नाही, तिच्यापुढे हात पुढे करते. मग चंद्रप्रकाशात ती पहिल्या भागातल्यासारखीच आपली ओळख करून देते. आता वय सोळा, शाळेची इयत्ता वरची. आणि हो, थोडी वेंधळी आहे, रडूबाई आहे, हेही ती स्वतःच सांगते.