भर हिवाळ्यातलं अंडं

श्रोतेहो, नमस्कार.

अंटार्क्टिकात जून-जुलै म्हणजे भर हिवाळा. दक्षिणेच्या टोकाला तर कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. आणि नेमका याच दिवसांत एम्परर पेंग्विन गोठलेल्या समुद्रावर अंडं उबवत असतो. मादी एकच अंडं घालते, नराच्या स्वाधीन करते आणि खायला समुद्राकडे निघून जाते. नर ते पायांवर घेतो, त्यावर पोटाच्या कातडीची घडी पांघरतो आणि दोन महिने उभा राहतो. जोडी जमवण्याच्या दिवसांपासून मोजलं, तर त्याचा उपास चार महिन्यांच्या घरात जातो.

एवढा हट्ट कशासाठी? पिल्लाला वाढायला पाच-सहा महिने लागतात. हिवाळ्यात अंडं घातलं, तरच पिल्लू ऐन उन्हाळ्यात, समुद्रात भरपूर खाणं असताना पाण्याला लागतं. एवढं ध्यानात ठेवा: अंडं हिवाळ्यात, कारण पिल्लाला उन्हाळा गाठायचाय.

आता ती हकिगत सांगतो. मला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दक्षिण ध्रुव गाठायला निघालेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या मोहिमेत एडवर्ड विल्सन नावाचे डॉक्टर होते. पक्ष्यांचे अभ्यासक आणि उत्तम चित्रकार. आधीच्या मोहिमेत ते वसंत ऋतूत केप क्रोझियर या अंटार्क्टिकातल्या भूशिराजवळच्या एम्परर पेंग्विनच्या वसाहतीत गेले, तर पिल्लं केव्हाच बाहेर आलेली. म्हणजे अंडी मिळवायची तर हिवाळ्यातच जायला हवं. त्या काळी समज असा, की एम्परर हा फार आदिम पक्षी. त्याच्या अंड्यातल्या गर्भात सरपटणाऱ्या प्राण्यांशी असलेलं पक्ष्यांचं नातं दिसेल.

२७ जून १९११. विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड असे तिघे निघाले. अंतर साधारण शंभर किलोमीटर, काळोख, आणि दोन स्लेज स्वतःच ओढायच्या. बर्फ वाळूसारखा भरभरीत. दोन्ही स्लेज एकदम ओढवेनात. मग एक पुढे नेऊन ठेवायची, मागे यायचं, दुसरी न्यायची. पारा उणे साठच्याही खाली गेला. एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूबाहेर आले आणि त्यांनी मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्या क्षणांत अंगावरचे ओलसर कपडे गोठून पत्र्यासारखे ताठ झाले. मान खाली करता येईना. पुढचे चार तास त्यांनी तशाच वर केलेल्या मानेनं स्लेज ओढली!

एकोणीस दिवसांनी ते केप क्रोझियरला पोचले. कड्याखाली बर्फाच्या भेगांतून वाट काढत वसाहत गाठली. तिथे जेमतेम शंभरएक पक्षी होते. काहींच्या पायांवर गोल, मळकट असं काहीतरी होतं. उचलून पाहिलं, तर बर्फाचे गोळे! अंडं नाही म्हणून बर्फ उबवत उभे. पक्ष्याच्या अंगी उबवण्याची ओढ किती जबर असते, ते याहून वेगळं सांगायला नको.

पाच अंडी घेतली. दोन वाटेत फुटली, उरली तीन. मग वादळ आलं. तंबू उडाला, त्यांनी रचलेल्या दगडी निवाऱ्याचं कापडी छप्पर फाटून गेलं. तिघे झोपण्याच्या पिशव्यांत बर्फाखाली पडून राहिले. मधूनमधून स्तोत्रं म्हणत होते. तंबूशिवाय परतणं म्हणजे मरणच. वादळ ओसरल्यावर अर्ध्या मैलावर उताराच्या तळाशी तंबू सापडला, जवळजवळ धड. १ ऑगस्टला ते तळावर परतले.

पुढल्या वर्षी विल्सन आणि बॉवर्स दक्षिण ध्रुवावरून येताना स्कॉट यांच्यासोबत मरण पावले. अंडी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये पोचवली ती एकट्या चेरी-गॅरार्ड यांनी, १९१३ साली. पावतीसाठी आपल्याला ताटकळत बसावं लागलं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. १९३४ साली अहवाल आला: या गर्भांतून फारसं नवं हाती लागत नाही. तो मूळ सिद्धान्तच तोवर मागे पडला होता. मी मात्र हे कष्ट वाया गेले असं म्हणणार नाही. ‘निष्पन्न काय झालं?’ हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. एम्पररची अंडी भर हिवाळ्यात मिळवून आणणारी ही पहिली माणसं.

वेळ थोडा उरलाय. पेंग्विनच्या अठराएक जाती आहेत आणि सगळ्याच बर्फात राहत नाहीत. गालापागोसचा पेंग्विन तर विषुववृत्तावर राहतो. मुलांच्या पुस्तकांत पेंग्विन आणि पांढरं अस्वल शेजारी शेजारी काढतात, ते आता थांबवावं. अस्वल उत्तरेचं, पेंग्विन दक्षिणेचा. आणि त्याला भाबडा, गमतीदार म्हणणंही मला पटत नाही. एम्परर तर पाचशे मीटरहून खोल बुडी मारणारा पक्षी आहे.

पुन्हा तेच सांगतो: पिल्लाला उन्हाळा गाठायचाय. तोवर पायाखालचा बर्फ टिकला पाहिजे, कारण लव झडून पाणी न शिरणारी पिसं येईपर्यंत पिल्लू पोहू शकत नाही. २०१६ साली अंटार्क्टिकातल्या हॅली बे इथला बर्फ वेळेआधीच फुटला आणि हजारो पिल्लं गेली. पुढची दोन वर्षंही तिथे पिल्लं वाढली नाहीत. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राकाठच्या पाचपैकी चार वसाहतींत तेच घडलं. आज हे उपग्रहावरून कळतं. पांढऱ्या बर्फावर विष्ठेचे तपकिरी डाग दिसतात, त्यांवरून वसाहती ओळखतात. हॅली बेचे बरेचसे मोठे पक्षी दक्षिणेला डॉसन-लॅम्बटनच्या वसाहतीकडे गेल्याचं अशाच छायाचित्रांतून समजलं. नमस्कार.