एका भाषेत ऐकायचं, दुसरीत वाचायचं, तिसरीत लिहायचं

(कोल्हापुरातील पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रकारिता दोन भाषांतून शिकवायची म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढं लगेच मुंबई-दिल्लीची इंग्रजी वाहिनी येते. मराठी म्हणजे इथली सोय आणि इंग्रजी म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा, अशी वाटणी आपण करून टाकलीय. मला उलटं वाटतं. जन्मभर कोल्हापुरात बसून मराठीतच लिहिणार असाल, तर दुसरी-तिसरी भाषा तुम्हालाच जास्त लागणार.

पावसाळा घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, तेही गल्लीत कळतं. पण पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा पुढं कर्नाटकात शिरते, आणि तिथं अलमट्टी धरण आहे. २०१९ च्या महापुरात शिरोळची गावं पाण्यात असताना सगळ्यांचा प्रश्न एकच होता : अलमट्टीतून किती सोडतायत? आवक, विसर्ग, साठा हे सगळे आकडे सीमेपलीकडच्या अधिकाऱ्यांकडं. आता धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायचा कर्नाटकचा आग्रह आहे. पातळी वाढली की पुराचं पाणी आपल्याकडं तुंबेल, या भीतीनं इथं मोर्चे निघतात, त्याच्या बातम्या आपण भरभरून देतो. पण कर्नाटकातल्या बागलकोटचा शेतकरी याबद्दल काय म्हणतो? त्याचं रान भिजणार की बुडणार? तिथला कन्नड पेपर काय छापतो? हे आपल्या वाचकाला क्वचितच वाचायला मिळतं. सीमेपलीकडचं निपाणी काही परदेशात नाही. सीमाभागातली पोरं घरातनंच कन्नड घेऊन या वर्गात येतात, आणि आपण त्यांचं मराठी शुद्ध करण्यात वर्ष घालवतो!

दुसरं ठिकाण सीपीआर रुग्णालयासमोर. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथं सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, एवढ्या जिल्ह्यांची प्रकरणं तिथं येतात. पक्षकार चंदगडचा, युक्तिवाद इंग्रजीत, आदेशही इंग्रजीत. सुनावणीत न्यायमूर्ती वकिलाला एखादा टोकदार प्रश्न विचारतात आणि लगेच मथळा तयार : ‘न्यायालयाने फटकारले’. नंतर आदेश हातात पडतो, तर त्यात त्या प्रश्नाचा मागमूस नसतो. प्रतिज्ञापत्राची मुदत आणि पुढची तारीख, एवढंच. इंग्रजी हवं ते इथं. फाडफाड बोलता आलं नाही तरी चालेल, पण लांबलचक निकाल शेवटपर्यंत वाचून स्थगिती कशाला मिळाली आणि कशाला नाही, हे धडपणे सांगता आलं पाहिजे. पुढाऱ्यानं पाठवलेल्या प्रेसनोटवरून निकालाची बातमी करणं थांबलं, तरी पुष्कळ झालं.

तसं हे आपल्याकडं जुनंच आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली निघालं तेच मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. टिळक-आगरकर मंडळींनी १८८१ मध्ये ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत काढला, आणि त्यांना पहिला दणका बसला तो आपल्या कोल्हापूर प्रकरणाचा. दिवाण माधवराव बर्वे चौथ्या शिवाजी महाराजांना छळतात, असा मजकूर दोन्ही वृत्तपत्रांत आला. बर्व्यांच्या नावानं पुढं आलेली पत्रं बनावट ठरली. बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. दोन भाषांत छापल्यानं कागद काही दुप्पट खरा होत नाही.

आणि बाबासाहेब. कोलंबियात शिकलेले, प्रबंध इंग्रजीत लिहिणारे. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी ‘मूकनायक’ काढला तो मराठीत, आणि त्यासाठी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. भाषा ठरवण्याआधी वाचक ठरलेला होता.

आता वर्गातलं बघू. द्विभाषिक अभ्यासक्रम म्हणून बऱ्याचदा चालतं ते एवढंच : इंग्रजी बातमी दिली, मराठी करून आणा. वृत्तसंस्थेची बातमी रात्री उशिरा येते तेव्हा डेस्कवर हे कौशल्य लागतंच, मी नाकारत नाही. पण त्यात बातमी दुसऱ्यानं आणलेली असते. मला हवं ते असं : मार्केट यार्डात गुळाचे सौदे बंद पडलेत. तुम्ही जा, अडत्याशी बोला, गुऱ्हाळवाल्याशी बोला, हमालाशी बोला, आणि एकाच टिपणवहीवरून दोन बातम्या लिहा. मराठी वाचकाला सौदा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्याला आजचा दर आणि उद्या सौदे निघणार का, ते हवं. इंग्रजी वाचकाला आधी सांगावं लागेल की हा व्यवहार चालतो कसा आणि त्यात अडत्याचं काम काय. इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, वेगळा होईल, कोट वेगळे निघतील. एकाच माणसाचं नाव दोन्हीकडं सारखं आणि आकडा सारखा, एवढंच बंधन.

नोकरी कुठल्या भाषेत मिळेल, असं तुम्ही विचारालच. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे म्हणणाऱ्याकडं फी भरू नका.

पुढच्या आठवड्यात प्रत्येकानं सर्किट बेंचचा एक आदेश उतरवून घ्या. त्यावर ३०० शब्द मराठीत, ३०० इंग्रजीत. कन्नड येणाऱ्यांनी इंग्रजीऐवजी कन्नडात लिहिलं तरी चालेल. तपासायला माणूस मी शोधतो.