झिरो माइलपासून अकराव्या गुणसूत्रापर्यंत

नागपूरचा झिरो माइल. दगडी खांब, बाजूला चार घोडे. इथून निघालेला पहिला मैल शून्यावर सुरू होतो आणि एकवर संपतो. रस्त्यालगतची घरं मोजताना मात्र शून्य कुणी धरत नाही. पहिलं घर ते पहिलंच.

जनुकांच्या फायलींमध्ये नेमकं हेच भांडण आहे.

सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, विदर्भाला नवा नाही. त्याचं मूळ अकराव्या गुणसूत्रावर, बीटा-ग्लोबिन जनुकातल्या डीएनएच्या एका अक्षरात. जीआरसीएच३८ या संदर्भ-जनुकसंचात, म्हणजे तुलनेसाठी वापरायच्या माणसाच्या प्रमाण डीएनए-नकाशात, त्या अक्षराचा क्रमांक ५२,२७,००२. डीएनएतले बदल नोंदणारी व्हीसीएफ फाईल घरं मोजते, म्हणून हाच आकडा लिहिते. डीएनएचे पट्टे नोंदणारी बेड फाईल मैलाचे दगड मोजते: सुरुवात ५२,२७,००१, शेवट ५२,२७,००२. अक्षर तेच. शेवटातून सुरुवात वजा केली की लांबी हाती येते, एक.

हातानं आकडे इकडून तिकडे नेताना हा एक वजा करायचा राहिला, तर संगणक कुरकुरत नाही. उत्तर देतो, अगदी नीटनेटकं, फक्त शेजारच्या घराचं. मग कुणीतरी डोक्याला हात लावतं, "अबे, एका घरानं हुकलं!"

बेडटूल्स हे सॉफ्टवेअर ही वजाबाकी स्वतः करतं. आरन क्विनलन आणि आयरा हॉल यांनी २०१० साली ते मांडलं. एका यादीत जनुकं, दुसरीत नमुन्यात सापडलेले बदल. कोणता बदल कोणत्या जनुकात पडतो, हे त्यातली 'इंटरसेक्ट' ही आज्ञा सांगते. जनुकसंच तीन अब्ज अक्षरांचा. प्रत्येक नोंद प्रत्येकीशी ताडत बसलं तर दिवस सरेल. याद्या आधी क्रमानं लावल्या, तर दोन्हींवर एकेक बोट ठेवून पुढं सरकायचं. मागं वळावं लागत नाही, मेमरीही थोडकीच लागते. क्रम तेवढा दोन्हीकडे सारखा हवा. एकीत गुणसूत्र एकनंतर दोन आणि दुसरीत एकनंतर दहा असलं, की अडलं गाडं. एका फायलीत गुणसूत्राचं नाव नुसतं '११', दुसरीत त्याआधी 'सीएचआर' जोडलेलं? माणसाला कळतं. यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी गावं.

जुन्या अहवालांत हेच अक्षर ५२,४८,२३२ वर दिसतं. तो आकडा जीआरसीएच३७ या आधीच्या आवृत्तीतला. एका आवृत्तीतले क्रमांक दुसरीत नेणारं लिफ्टओव्हर चालवलं, की ते २१,२३० घरं मागं येऊन पुन्हा ५२,२७,००२ वर थांबतं.