बासष्ट चौपन्न की ट्रॅपर?

मंडळी, टेबलावर पाच चाकू मांडलेत. पाचही घडीचे, खिशात मावणारे. बोलून झालं की हातात घेऊन बघा. आत्ता नको, कारण चाकू एकदा हातोहात फिरायला लागला की वक्त्याकडे कोणी बघत नाही, हा माझा अनुभव आहे.

मी बत्तीस वर्षं एका पंपाच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये काढली. म्हणजे वस्तूला काय म्हणायचं, नंबर की नाव, हाच माझा धंदा. नोकरीला लागून चार महिने झाले असतील. मशीन शॉपच्या फोरमननी पोऱ्या पाठवला, "मोटरचं बेअरिंग द्या, धाकटं." मी रॅकवर बघितलं. ६२०४ आणि ६२०५ शेजारी शेजारी होती. दोन्हींतलं धाकटं ६२०४, म्हणून तेच दिलं. दहा मिनिटांत फोरमन स्वतः हजर. "अरे, शाफ्टवर बांगडीसारखं फिरतंय ते!" तिथल्या जुन्या मंडळींत 'धाकटं' हे ६२०३ चं नाव होतं, आणि ६२०३ खालच्या खणात होतं.

त्या दिवशी त्यांनी मला बेअरिंगचा नंबर वाचायला शिकवला. पहिला ६ म्हणजे साधं गोळ्यांचं बेअरिंग, एक रांग, खोल खाच. २ म्हणजे त्याची मालिका, जाडी-रुंदीचा घाट. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे. ०४ ला पाचाने गुणा, २० मिलिमीटर. ०५ ला गुणा, २५. मात्र ०३ ला गुणून १५ येत नाही, तिथे १७ असतात, कारण ०४ च्या खालच्यांचा हिशेब वेगळा ठरलेला आहे: १०, १२, १५, १७. पुढे झेडझेड लागलं की दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. कुठल्याही देशातल्या कुठल्याही चांगल्या कंपनीचं ६२०३ घ्या, आत १७, बाहेर ४०, रुंदी १२. मी ऐकत राहिलो. नंबर म्हणजे आठवणीत ठेवायची कटकट, असं तोवर मला वाटायचं. हा तर वाचता येत होता.

चाकूंचा नाद पुढे लागला, आणि लागला तोही ह्याच वाटेने. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ब्रॅडफर्ड नावाचं गाव आहे, तिथे केस नावाची चाकूंची जुनी कंपनी आहे. त्यांच्या एका चाकूवर आकडा बघितला, ६२५४. मला वाटलं, हे बेअरिंगच बोलतंय. इथे पहिला आकडा मुठीचा: ६ म्हणजे खाचा पाडलेलं हाड, ५ म्हणजे शिंग, ३ म्हणजे पिवळं प्लॅस्टिक. हे शिंग एके काळी आपल्याकडच्या सांबरांचं जायचं, हे जाता जाता. दुसरा आकडा पात्यांचा, २ असेल तर दोन पाती. उरलेले ५४ हा घाटाचा नंबर, कारखान्यातल्या त्या नमुन्याचा. म्हणजे ५२५४ म्हटलं की चाकू न बघता सांगता येतं: घाट तोच, पाती दोनच, मूठ तेवढी शिंगाची. आता मुठींचे प्रकार इतके वाढलेत की एका आकड्यात मावत नाहीत, मग दोन आकडी खुणा आल्या, अक्षरं आली, आणि ते व्याकरण जरा ढिलं झालं. तरी सांगाडा तोच आहे.

ह्याच कंपनीने १९७० पासून आणखी एक गंमत केली. पात्याच्या बुडाशी शिक्का असतो, त्याखाली दहा ठिपके मारले. पुढच्या वर्षी नऊ, त्यापुढच्या वर्षी आठ. चाकूचं जन्मसाल मोजायचं असेल तर ठिपके मोजा. मी स्टोअर्समध्ये असताना हे सुचलं असतं तर जुना माल आधी काढायचा नियम कोणाला शिकवावा लागला नसता.

पण ह्या ६२५४ ला अमेरिकेत दुकानात गेल्यावर कोणी बासष्ट चौपन्न म्हणत नाही. म्हणतात ट्रॅपर. ट्रॅपर म्हणजे सापळे लावून जनावरं धरणारा, कातडी सोलणारा. लांब दोन पाती, एक टोकदार, दुसरं पुढे बोथट गोलसर. त्या दुसऱ्याला स्पे म्हणतात, मुळात खोंड-बोकड बडवायच्या, म्हणजे खच्ची करायच्या, कामासाठी. इथे बरीच शेतकरी मंडळी बसली आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. तीन पात्यांचा असतो त्याला स्टॉकमन म्हणतात, म्हणजे गुरं राखणारा. ह्या नावांत धंदा आहे, माणूस आहे, त्याचा दिवस आहे. ५४ ह्या आकड्यात तो माणूस कुठून येणार?

असं म्हणून नावाच्या बाजूला गेलो की लगेच अडचण सुरू. स्टॉकमन म्हटलं तर कुठला? केसच्याच यादीत त्रेसष्ट अठरा मधला, त्रेसष्ट पंचाहत्तर मोठा, त्रेसष्ट तेहेतीस लहान. तिघंही स्टॉकमन. नाव गोतावळा जमवतं. नंबर एकेकाला वेगळा उभा करतो. उलटही होतं. ट्रॅपरचा धाकटा भाऊ मिनी ट्रॅपर, त्याचा नंबर बासष्ट झिरो सात. नावावरून नातं कळतं. ५४ आणि ०७ कडे बघून हे भाऊ आहेत हे कोणाच्या बापाला कळणार नाही.

दुसरी अडचण मी पैसे मोजून शिकलो. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला फोनवर सांगितलं, "एक ट्रॅपर आण, पिवळ्या मुठीचा." आणला. पिवळा होता, दोन पाती होती, ट्रॅपरच होता, फक्त दुसऱ्याच कंपनीचा. टेबलावर डावीकडून दुसरा, तोच. भाच्याची काही चूक नाही. ट्रॅपर, स्टॉकमन, बार्लो ही घाटांची नावं आहेत, ती कोणा एकाच्या मालकीची नाहीत. कोल्हापुरी चप्पल म्हटल्यावर दुकान कुठलं हे त्यात कुठे येतं? नंबर मात्र त्या त्या कारखान्याचा. मी "बत्तीस चौपन्न" म्हणालो असतो तर काम फत्ते होतं. बत्तीस वर्षं स्टोअर्समध्ये काढलेला माणूस, आणि इंडेंट, म्हणजे मागणीची चिठ्ठी, भरली धाकट्या बेअरिंगसारखी.

नावाची मालकी नसण्याचं टोक बघायचं तर फ्रान्समध्ये जावं लागेल. लिहिताना लाग्विओल दिसेल असं एक खेडं आहे, तिथले लोक म्हणतात लायोल. तिथला घडीचा चाकू जगभर गावाच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे रामपूरवरून रामपुरी, तसाच. पण ते नाव राखून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे त्या नावाने चाकू कुठेही बनायला लागले, चीनमध्ये, पाकिस्तानात. वर १९९३ साली बाहेरच्या एका माणसाने ते नाव निरनिराळ्या वस्तूंसाठी ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकलं. गाव कोर्टात गेलं, सुरुवातीला हरलं. २०१२ मध्ये गावकऱ्यांनी निषेध म्हणून वेशीवरची गावाच्या नावाची पाटीच उतरवून ठेवली. आपलंच नाव आपल्याला वापरता येत नाही म्हणून! ६२५४ हा आकडा चोरायला असं कोणी जाणार नाही. चोरून करणार काय?

स्विस चाकूकडे वळू, तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल. कार्ल एल्सनर ह्याचा कारखाना, १८९१ पासून स्विस सैन्याला शिपायांचे चाकू पुरवायला लागला. १८९७ साली त्याने जरा हलका, जास्त हत्यारांचा चाकू नोंदवला, ऑफिसरांचा चाकू म्हणून. सैन्याने तो ऑफिसरांना कधी दिला नाही बरं का, हवा त्याने स्वतःच्या पैशाने घ्यावा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांना त्याचं जर्मन नाव काही केल्या उच्चारता येईना, म्हणून ते म्हणायला लागले स्विस आर्मी नाइफ. कंपनीचं नाव तरी काय? आईचं नाव व्हिक्टोरिया, त्याला १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स' जोडलं आणि झालं व्हिक्टोरिनॉक्स. अर्धं नाव आईचं, अर्धं मालाच्या प्रतीचं, एकाच शब्दात.

टेबलावर त्यांचे दोन आहेत. एक स्पार्टन, एक टिंकर. स्पार्टन म्हणजे ग्रीक योद्धा, टिंकर म्हणजे कल्हईवाल्यासारखा फिरता दुरुस्तीवाला. नावावरून काय फरक असेल सांगा? योद्ध्याच्या पाठीला बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आहे, कल्हईवाल्याच्या पाठीला स्टार स्क्रू-ड्रायव्हर. बाकी सगळं सारखं. आता नंबर बघा: १.३६०३ आणि १.४६०३. ३ असेल तिथे बुचाचा स्क्रू, ४ असेल तिथे स्टार. हंट्समन १.३७१३, फील्डमास्टर १.४७१३, तोच नियम. हे कळल्यापासून मी ती नावं ऐकतो, पण विश्वास आकड्यावर ठेवतो. तरी घरी आणला तो स्पार्टन पहिल्यांदा. का? नाव आवडलं म्हणून. आमच्या घरात बुचाची बाटली येत नाही. तो स्क्रू मी नाडीच्या आणि सुतळीच्या गाठी सोडवायला वापरतो, आणि सांगतो, गाठ सोडवायला त्यासारखं हत्यार नाही.

मग काही नंबर असे असतात की ते नावच होऊन बसतात. लाकडी मुठीचा तो साधा चाकू, ओपिनेल, फ्रान्सच्या साव्हुआ भागातला. १८९७ पासून त्यात १ ते १२ असे नंबर आहेत, आणि ते निव्वळ मापाचे. नंबर १ फारच चिमुकला, ११ हा १० आणि १२ च्या मधे अडकलेला, म्हणून पुढे ते दोन्ही बंद झाले आणि रांगेत फटी राहिल्या. पण ८ नंबर! साडेआठ सेंटिमीटरचं पातं. तो मागणारा माणूस मापाचा विचार करत नाही, तो 'आठ नंबर' मागतो, जसा आपण ओळखीच्या माणसाला हाक मारतो. अमेरिकेतल्या बक कंपनीचा १९६४ चा ११० नंबर तसाच. त्याला 'फोल्डिंग हंटर' असं रीतसर नाव दिलेलं आहे, तरी लोक म्हणतात एकशे दहा.

आणि हसू नका, आपल्या उसाचं काय? को ८६०३२. को म्हणजे कोइमतूर, ८६ हे साल, ०३२ हा त्या सालातला अनुक्रम. ह्या वाणाला महाराष्ट्रात प्रसारित करताना 'नीरा' असं गोड नाव दिलं. ह्या सभागृहात कोणी 'यंदा नीरा लावलीय' असं म्हणालेलं ऐकलंय का? शहाऐंशी बत्तीसच म्हणतात सगळे. दुसऱ्या एका वाणाला दोनशे पासष्ट म्हणतात. बियाणं कोणी दिलं, कारखाना काय भाव देतो, किती टनेज पडलं, हे सगळं त्या आकड्याभोवती जमलंय. तोंडात इतका घोळला की आकड्याला चेहरा येतो.

माझी तक्रार नंबरांवर नाहीच. तक्रार आहे ती आजकाल काही यादींत दिसणाऱ्या आठ-दहा अक्षरी खिचडीवर, जी ना वाचता येते, ना फोनवर सांगता येते. बी की डी, शून्य की ओ, ह्यातच निम्मा फोन जातो. तो नंबर यंत्राने यंत्रासाठी लिहिलेला असतो. आमच्या वेळी बिन कार्डावर, म्हणजे मालाच्या खणाला लावलेल्या कार्डावर, नंबर लिहायचो, त्याच्याखाली कंसात बोलीतलं नाव. फोरमनच्या पोऱ्याला कंस पुरायचा आणि मला नंबर. धाकट्या बेअरिंगचं कार्ड मी त्याच संध्याकाळी तसं लिहिलं होतं.

शेवटी मला बत्तीस चौपन्न मिळाला, नंबर सांगून मागवला. घरी आणल्यावर सौभाग्यवतींना मोठ्या उत्साहाने सगळं समजावलं, मूठ, पाती, घाट. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, तो पिवळा कुठे ठेवलात? आंबे चिरायचेत." त्या दिवसापासून तो पिवळाच आहे. आणि कंपनीने पहिल्या आकड्यात, त्या ३ मध्ये, तेवढंच तर लिहिलं होतं.

टेबलावर सगळ्यात डावीकडे आहे तो. उघडताना अंगठा पाठीच्या बाजूला ठेवा, स्प्रिंग कडक आहे. चहा आलाय, या पुढे.