ए लेव्हलला फ्रेंच घेऊ दे का?

नमस्कार मंडळी! सध्या इंग्लंडमधल्या बऱ्याच मराठी घरांत एकच चर्चा असणार, ए लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या शेवटच्या दोन वर्षांना, काय घ्यायचं. मॅथ्स ठरलेलं, एखादं सायन्स ठरलेलं, आणि मग पोरगी हळूच म्हणते मला फ्रेंच घ्यायचंय, की आईबाबांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एक पार्टी म्हणते त्याचं पुढे करणार काय, आणि पुण्या-मुंबईहून आलेली दुसरी पार्टी म्हणते घे गं, स्कोअरिंग आहे, आम्हीपण अकरावी-बारावीला घेतलेलं. मी इथे सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे याच ए लेव्हलच्या वर्गांना, फ्रेंच शिकवते, त्यामुळे दोन्ही पार्ट्यांशी माझं भांडण आहे.

आधी स्कोअरिंगवाल्यांना सांगते. जीसीएसईला, म्हणजे दहावीसारख्या परीक्षेला, माझं घर, माझी सुट्टी, माझे मित्र असे पॅरेग्राफ पाठ करून बऱ्यापैकी निभावतं, ए लेव्हलला पाठांतराने काहीही होत नाही. इथे भाषेचा क्लास कमी आणि समाजशास्त्र जास्त असतं, फक्त ते सगळं फ्रेंचमधून. एक्यूए बोर्डाचं घ्या, कुटुंब कसं बदलतंय, इमिग्रेशन, संप आणि मोर्चे, तुरुंग, सिनेमा, असे टॉपिक. म्हणजे कुटुंबावर बोलायचं तर १९९९ चा पाक्स माहीत पाहिजे, लग्न न करता जोडप्याने सरकारदरबारी नोंदणी करायची सोय, मग २०१३ चा समलिंगी विवाहाचा कायदा, आणि त्याच्या विरोधात रस्त्यावर कोण उतरलं आणि का, हेही आलं पाहिजे. धर्माचा विषय निघाला की १९०५ चा चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा, तिथून २००४ ची सरकारी शाळेतली हिजाब, पगडी, मोठे क्रॉस यांच्यावरची बंदी. आपल्या मुलांना हे भारी जमतं असा माझा अनुभव आहे, घरात देव्हारा आणि शाळेत असेंब्ली दोन्ही बघितलेलं असतं ना, त्यामुळे सरकारने धर्मापासून किती लांब राहायचं यावर त्यांची स्वतःची मतं असतात, आणि मार्क मतांना नाहीत पण मत पुराव्यानिशी मांडण्याला नक्की आहेत.

रेडिओवर बसलेय म्हणून एक गंमत सांगते. फ्रान्समध्ये १९९४ ला कायदा झाला आणि १९९६ पासून रेडिओ स्टेशनांना ४० टक्के गाणी फ्रेंचच वाजवायचं बंधन आलं, पुढे त्यात थोडी ढील दिली, पण मूळ नियम टिकून आहे. हे योग्य की अयोग्य यावर वर्गात कडाक्याचं भांडण होतं आणि भांडता भांडता पोरं सब्जंक्टिव्ह, म्हणजे शंका, इच्छा, 'जरी' अशा ठिकाणी येणारं क्रियापदाचं वेगळं रूप, वापरायला लागतात, 'बियाँ क' म्हणजे 'जरी' म्हटलं की पुढचं क्रियापद बदलतंच, तिथे सुटका नाही.

मग येतो निबंधाचा पेपर. दोन पुस्तकं, किंवा एक पुस्तक आणि एक सिनेमा, दोन्हींवर फ्रेंचमध्येच निबंध, परीक्षेत पुस्तक जवळ नाही, डिक्शनरी नाही. बऱ्याच ठिकाणी आल्बेर काम्यू या लेखकाची १९४२ ची लेत्राँजे ही कादंबरी शिकवतात. वाचायला सोपी वाटते कारण वाक्यं छोटी छोटी, पण गोम अशी की फ्रेंच कादंबरीचा जो ठेवणीतला भूतकाळ असतो, पासे सॅम्प्ल, तो बाजूला ठेवून त्याने जवळजवळ सगळी गोष्ट रोजच्या बोलण्यातल्या पासे काँपोझेमध्ये सांगितलीये. आता त्यामुळे तो निवेदक इतका कोरडा, सुटासुटा का वाटतो हे सतरा वर्षांच्या पोराने लिहायचं. सांगा बरं, यात स्कोअरिंग कुठेय?

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो रिसर्च प्रोजेक्ट, तोंडी परीक्षेचा भाग. विषय तुमचा, अट एकच की फ्रेंच बोलणाऱ्या देशाशी किंवा समाजाशी संबंध पाहिजे. दोन मिनिटं प्रेझेंटेशन आणि मग नऊ-दहा मिनिटं परीक्षक उलटसुलट विचारणार. माझ्याकडच्या एका मुलाने पाँडिचेरी घेतलं. १९५४ ला कारभार फ्रान्सकडून भारताकडे आला पण त्याच्या तहाला मंजुरी मिळाली १९६२ ला, तेव्हा तिथल्या लोकांना फ्रेंच नागरिकत्व ठेवायचा पर्याय होता, काहींनी ठेवलं, आणि त्यांच्या घरातले लोक आजही फ्रान्सच्या निवडणुकीत मत देतात. तो बोलताना अडखळला, शब्दांचं लिंग चुकवलं, पण प्रश्न आला की हे लोक भारतीय की फ्रेंच, तर पठ्ठ्याने असा वाद घातला की माझीच विकेट गेली. चांगले मार्क पडले त्याला!

आता 'करणार काय' वाल्यांसाठी. यूकॅसचे, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाचे, पॉइंट फ्रेंचच्या ए स्टारला, म्हणजे सगळ्यात वरच्या ग्रेडला, ५६ आणि फिजिक्सच्यालाही ५६च. मेडिसिनला केमिस्ट्री आणि बहुतेक ठिकाणी बायोलॉजी मागतात, तिसरा विषय बऱ्याचदा मोकळा असतो. हां, एक कुरकुर खरी आहे, ज्यांच्या घरी फ्रेंच बोलतात ती मुलंही हीच परीक्षा देतात, त्यामुळे बाकीच्यांना वरचे ग्रेड अवघड जातात, म्हणून तर ऑफक्वालने, म्हणजे परीक्षांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ ला वरच्या ग्रेडमध्ये थोडी दुरुस्ती केली.

जाताना कामाचं. मुळात २००४ पासून इंग्लंडमध्ये वयाच्या चौदाव्या वर्षानंतर परकी भाषा सक्तीची राहिली नाही, ए लेव्हलला २०१९ मध्ये स्पॅनिशनेही फ्रेंचला मागे टाकलं, म्हणून वर्ग छोटे होत चाललेत आणि काही कॉलेजं पुरेशी मुलं नसली की विषय बंद करून टाकतात. ओपन इव्हिनिंगला सरळ विचारा की यंदा किती जण आहेत, कुठला सिनेमा, कुठलं पुस्तक, आणि बोलायचा सराव दर आठवड्याला मिळतो का. मुलाचा पासपोर्ट अजून इंडियन असेल तर फ्रान्सच्या ट्रिपचं पत्र आल्या आल्या शेंगेन, म्हणजे युरोपचा, व्हिसा लागतो का ते विचारा, आणि लागत असेल तर लगेच मागे लागा, अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. बाकी प्रश्न मेसेज करा, एक गाणं ऐकूया आणि मग घेते.